घरगुती लेझर प्रोजेक्टर: रंगीत मॉड्यूल तयार घ्यावं की सुटे जुळवावेत?

गोदाकाठी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरास कापड, बांबू आणि प्रकाश यांवरच असते. यंदा मखरामागच्या भिंतीवर लेझरच्या रेषांनी रायगड, राजगड आणि आमचा नाशिकचा हरिहर काढायचा असं ठरलंय. भिंत बारा फूट रुंद, प्रोजेक्टर वीस फुटांवर. धूर सोडायचा नाही, हवेत झोत फिरवायचे नाहीत, भिंतीवर फक्त रेघ हवी.

२० के गॅल्व्होची, म्हणजे झोत वळवणाऱ्या हलत्या आरशांची, जोडी ड्रायव्हरसकट आली आहे. संगणकातलं चित्र गॅल्व्होपर्यंत पोचवणारा हेलिओस डॅकही आहे. साध्या हिरव्या पॉइंटरवर चाचणी घेतली, चौकोन आणि वर्तुळ व्यवस्थित निघतात. गाडी अडलीय ती रंगांपाशी. समोर दोन पर्याय आहेत.

पहिला, तयार आरजीबी मॉड्यूल. आत आरसे जुळवलेले, 'एक वॅट पांढरा' असं लिहिलंय. फोड अशी: लाल २००, हिरवा १००, निळा ७०० मिलिवॅट. अ‍ॅनालॉग मॉड्युलेशन आहे.

दुसरा, तीन सुटे मॉड्यूल: लाल ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा ३०० मिलिवॅट, हिरवा ५३२ चा १०० मिलिवॅट, निळा ४५० चा. ते डायक्रोइक (एक रंग आरपार सोडून दुसरा वळवणाऱ्या) आरशांनी आपणच एका रेषेत आणायचे. हे तिन्ही टीटीएल आहेत आणि बरेच स्वस्त पडतात.

माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण एखादा रंग गेला तर तेवढाच बदलता येईल. ज्यांनी असं काही बांधलंय त्यांचं म्हणणं ऐकायचंय.

---

तबकडी | सोमवार, रात्री १०:०५

लाइटिंगच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, तयार घ्या. सुटे जुळवायला जो वेळ जातो तो गणपतीच्या आधी कुणाकडे नसतो. मॉड्यूल बसवा, चार स्क्रू आवळा, किल्ला सुरू.

---

लालबुंद | सोमवार, रात्री १०:३१

दोन्ही पर्यायांत खरा प्रश्न लालचा आहे.

डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला सर्वांत जास्त असते. ती १ धरली तर ५२० ला ०.७१, ६३८ ला ०.१९ च्या आसपास, ६५० ला ०.१०७, ६६० ला ०.०६. निळ्या ४५० ला तर फक्त ०.०३८. आता पहिल्या पर्यायाचे आकडे बघा. ७०० मिलिवॅट निळा म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड १८ ल्यूमेन. १०० मिलिवॅट हिरवा ५२० चा असेल तर ४८ ल्यूमेन. त्या 'एक वॅट'मधला बहुतेक हिस्सा डोळ्याला जेमतेम दिसणारा आहे. निळ्या डायोडला दर वॅटमागे पैसे कमी पडतात, म्हणून विकणारे आकडा निळ्याने फुगवतात.

पांढऱ्याचा हिशेब लाल ६३८, हिरवा ५२०, निळा ४५० धरून केला, तर दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्यासाठी प्रमाण साधारण १० : ७ : ४ येतं. त्या मॉड्यूलमध्ये हिरवा १०० आहे. मग लाल १४० आणि निळा ६० च्या पुढे वापरताच येणार नाही. एक वॅटचे झाले ३०० मिलिवॅट.

दुसऱ्या पर्यायात लाल ६५० आहे. तिथे हिरव्याच्या जवळजवळ अडीचपट लाल लागतो, ६६० असेल तर चौपटीहून जास्त. १०० हिरव्यासमोर ३०० लाल तुम्हाला कागदावर पुरतो, पण तो ६३८ चा असता तर १४० मध्येच काम झालं असतं. लाल निवडताना आधी तरंगलांबी बघा, वॅट नंतर.

---

केतकी_म | सोमवार, रात्री १०:४४

किती सोपं करून सांगितलंत! एक बाळबोध प्रश्न: टीटीएल आणि अ‍ॅनालॉगमध्ये नक्की फरक काय?

---

ओहमकार | सोमवार, रात्री ११:१२

@केतकी, टीटीएलमध्ये प्रत्येक रंग एकतर पूर्ण चालू, नाहीतर बंद. तीन रंगांच्या जुळण्या आठ, त्यातली एक काळोख, म्हणजे हातात सात रंग. अ‍ॅनालॉगला शून्य ते पाच व्होल्ट दिले की तेवढ्या प्रमाणात उजेड कमी-जास्त होतो.

गोदाकाठी, तुमच्यासाठी हा मुद्दा निर्णायक आहे, कारण किल्ला म्हटला की वर भगवा झेंडा आलाच. टीटीएलवर लाल मिळेल, पिवळा मिळेल, भगवा मिळणार नाही. भगव्याला लाल पूर्ण लागतो आणि हिरवा पांढऱ्यात लागतो त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच.

तुमच्या पहिल्या पर्यायातलं तयार मॉड्यूल अ‍ॅनालॉग आहे हे बरोबर. पण सगळे अ‍ॅनालॉग ड्रायव्हर, म्हणजे डायोडला करंट देणारी सर्किटं, सारखे नसतात. डायोडला पेटायला एक किमान करंट लागतो. चांगला ड्रायव्हर त्या उंबरठ्यावर आधीच उभा असतो. हलक्या ड्रायव्हरला दीड-दोन व्होल्टपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग रंग एकदम उसळतो. भगव्याचा हिरवा नेमका त्या खालच्या पट्ट्यात असतो.

---

जुनीजाणती | मंगळवार, सकाळी ७:२०

सकाळी सकाळी हा धागा वाचून मन प्रसन्न झालं. विद्यापीठात लेझरच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं जुनं सांगते.

माइमन यांनी १९६० च्या मे महिन्यात पहिला लेझर पेटवला, तो माणकाचा आणि लाल. तरीही लेझर-शोसाठी लाल पुढे खूप काळ अवघडच राहिला. आर्गॉनमधून निळा आणि हिरवा भरपूर मिळतो, लाल नाही. लालसाठी क्रिप्टॉनची ६४७ ची रेषा लागायची. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९७३ साली 'लेझेरियम' सुरू झालं ते क्रिप्टॉनवर. एकाच नळीतून निघणारा प्रकाश लोलकाने फोडून लाल, पिवळा, हिरवा, निळा वेगळे करायचे. मोठ्या नळ्यांना थ्री-फेज वीज आणि नळाचं वाहतं पाणी लागत असे.

डायोडमध्ये मागे राहिला तो हिरवा. निळा-जांभळा नव्वदच्या दशकात आला, थेट हिरवा डायोड २००९ च्या सुमारास. तोवर हिरवा म्हणजे ८०८ च्या अवरक्त डायोडने स्फटिक चेतवायचा, त्यातून १०६४ काढायचा आणि दुसऱ्या स्फटिकात त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ मिळवायचा. गोदाकाठी यांच्या दुसऱ्या पर्यायातला हिरवा याच जातीचा आहे.

---

ओहमकार | मंगळवार, सकाळी ८:०२

जुनीजाणती, दंडवत!

आणि त्यांनी सांगितलेल्या रचनेमुळेच तो ५३२ आपल्या कामाचा नाही. स्फटिकांना तापमान सांभाळावं लागतं, करंट अर्धा केला की उजेड अर्धा होईलच असं नसतं. झपाझप चालू-बंद करताना सुरुवातीची रेघ फिकी येते. कमी उजेडात तर तो थरथरतो, म्हणजे भगव्याची पुन्हा पंचाईत. थेट ५२० चा डायोड सांगाल तसा वागतो.

---

तबकडी | मंगळवार, सकाळी ९:१५

इथे माझा विरोध नोंदवा. ५३२ डोळ्याला ५२० पेक्षा उजळ दिसतो (०.८८ विरुद्ध ०.७१), आणि झोत बारीक आणि गोल असतो. मोकळ्या मैदानात लांबवर टाकायचा असेल तर मी आजही चांगल्या बनावटीचा ५३२ घेईन.

---

लालबुंद | मंगळवार, सकाळी ९:२६

मैदानासाठी मान्य. वीस फुटांवरच्या भिंतीसाठी नाही. 'चांगल्या बनावटीचा' हे तुमचे शब्दही महत्त्वाचे आहेत. स्वस्त हिरव्यात अवरक्त गाळणी नसली तर ८०८ आणि १०६४ तसेच बाहेर पडतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासून इशारा दिला होता, त्यातून हिरव्यापेक्षा अवरक्तच जास्त येत होतं. तो डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

---

दृष्टीदान | मंगळवार, दुपारी २:१०

मी पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या विकारांवर उपचार करतो. आरास भिंतीवरच ठेवणार आणि झोत लोकांत फिरवणार नाही, हे वाचून समाधान वाटलं. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर कोल्हापूर-पुण्याकडे मिरवणुकीतल्या लेझरने पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ ला पुणे पोलिसांनी उत्सवात लेझर झोतांवर बंदी घातली. असे रुग्ण मी स्वतः तपासले आहेत. तरुण मुलं असतात. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, फक्त बघतोय त्या जागी मधोमध डाग दिसतो. पडद्याच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यावर रक्तस्राव असला तर काही प्रमाणात दृष्टी परत येते. तिथली पेशीच जळली असेल तर आमच्याकडे त्यावर औषध नाही.

दृश्य प्रकाशात पापणी मिटायला पाव सेकंद लागतो असं धरतात. तेवढ्या वेळात डोळ्याच्या बाहुलीतून १ मिलिवॅट गेला तरी चालतो अशी मर्यादा आहे. तुम्ही ३०० ची भाषा करताय. गॅल्व्हो अडकून झोत एका जागी थांबला तर तो त्या मर्यादेच्या ३०० पट असेल.

आणखी एक. साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवरून प्रकाश विखुरतो, ते ठीक आहे. पण मखरात आरसे, पितळी समई, चांदीचा मुकुट, स्टीलची ताटं, काचेच्या तसबिरी असतात. त्यांवरून झोत जसाच्या तसा परततो आणि आरतीला लहान मुलं सर्वांत पुढे उभी असतात.

---

केतकी_म | मंगळवार, दुपारी २:३३

समईचं कधीच डोक्यात आलं नसतं. डॉक्टर, मनापासून आभार.

---

बर्लिनकर | मंगळवार, दुपारी ४:५०

डॉक्टरांना पूर्ण अनुमोदन. इकडे जर्मनीत ५ मिलिवॅटच्या पुढचा, म्हणजे धोक्याच्या वर्गवारीत क्लास ३बी किंवा ४ चा लेझर कार्यक्रमात वापरायचा तर प्रशिक्षित लेझर-सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. आमच्या मंडळाच्या गणपतीला आम्ही त्याच नियमाने चालतो. ५०० मिलिवॅटच्या वर क्लास ४ सुरू होतो.

२००८ च्या जुलैत मॉस्कोजवळच्या एका संगीत महोत्सवात पावसामुळे मोठे तंबू उभारले, आणि आभाळाकडे सोडायचे झोत आत लोकांवर आले. तीसेक जणांची दृष्टी कायमची अधू झाली. हवामानाने बेत बदलायला लावला तेव्हा लेझर बंद ठेवायचा निर्णय कुणीतरी घ्यायला हवा होता.

गोदाकाठी, तुम्ही एवढं कराच: झोत प्रेक्षकांच्या पायाखालच्या जमिनीपासून किमान तीन मीटर वरून जाऊ द्या. प्रोजेक्टरच्या तोंडाशी खालच्या बाजूला काळी धातूची पट्टी घट्ट बसवा, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं तरी झोत त्याखाली उतरणार नाही. चावीचा स्विच हवा आणि हाताशी लाल बटण हवं. गॅल्व्हो थांबले की डायोडची वीज तोडणारं सर्किट लावा. मूर्ती आणि समई झोताच्या चौकटीच्या पूर्ण बाहेर ठेवा.

---

गोदाकाठी | मंगळवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. वाचता वाचता बेत बदलत गेला. मूर्तीमागची भिंत रद्द, आता शेजारच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग घेतोय. तिथे समोर ना मखर, ना आरतीची गर्दी.

तर आता सुटेच, पण ६३८, ५२०, ४५० आणि तिन्ही अ‍ॅनालॉग. आकडे कोणते धरू? आणि जुळवणी घरी खरंच जमते का?

---

देवगडचा | मंगळवार, रात्री ८:४०

मध्येच एक. थंडाव्यासाठी पेल्टिये (वीज दिली की एका बाजूने थंड होणारी चकती) लावणार असाल तर जपून. आमच्याकडे भाद्रपदात हवा इतकी दमट असते, की डायोडची पाटी फार थंड केली तर ताकाच्या ग्लासासारखं बाहेरून पाणी धरतं, आणि ते लेन्सवरही येतं. पाटी २५ अंशांच्या खाली नेऊ नका.

---

लालबुंद | मंगळवार, रात्री ९:१०

देवगडचा, योग्य वेळी सांगितलंत. थंडावा लागतो तो मुख्यतः लालला. ६३८ चा डायोड तापला की उजेड भराभर उतरतो, निळ्या-हिरव्याचं तेवढं बिघडत नाही. मे महिन्यात विदर्भात कुणी दुपारी पांढरा जुळवला, तर रात्री तोच पांढरा गुलाबी दिसेल.

आकडे: लाल २००, हिरवा १४०, निळा ८०. बेरीज ४२०, म्हणजे क्लास ३बी मध्ये राहता. दिवे मंद केलेल्या हॉलमध्ये भिंतीवरच्या रेषेला एवढा उजेड भरपूर होतो. निळ्याला ओसरामचा पीएल ४५०बी बरोबर ८० मिलिवॅटचा आहे, सिंगल मोड, त्यामुळे ठिपका सुरेख येतो.

लाल घेताना ठिपक्याचा फोटो मागा. जास्त ताकदीचे लाल डायोड मल्टिमोड असतात, त्यांची उजेड देणारी पट्टी रुंद असते. भिंतीवर ठिपक्याऐवजी आडवी दांडी पडते. किल्ल्याची रेघ एका दिशेला बारीक आणि दुसऱ्या दिशेला जाड दिसली की समजावं लाल फताडा आहे. तो बारीक करायला सिलिंडर लेन्सची जोडी लागते.

---

ओहमकार | मंगळवार, रात्री ९:५५

जुळवणी घरी जमते. फक्त तळाची पाटी जाड हवी. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हीटसिंक, स्क्रू, वीजपुरवठा सगळं मिळेल. दहा मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम पाटी मात्र एखाद्या टर्नरकडून घासून घ्या. पातळ पत्रा गरम झाला की वाकतो आणि रंग सुटे होतात.

लाल सरळ ठेवा, वाटेत पहिला डायक्रोइक ४५ अंशांत. तो लाल पुढे सोडतो आणि बाजूने येणारा हिरवा वळवतो. दुसरा डायक्रोइक दोघांना सोडून निळा वळवतो. आता हिरव्याचा ठिपका लालवर बसवायचा आहे. आरशाजवळ कागद धरा आणि तिथे ठिपके जुळेपर्यंत हिरव्याचं मॉड्यूल सरकवा. मग कागद काढून लांबच्या भिंतीवर बघा, तिथला फरक डायक्रोइकचे स्क्रू फिरवून घालवा. पुन्हा जवळ बघा, थोडं बिघडलेलं असेल. जवळचं मॉड्यूलने, लांबचं आरशाने, असं आलटून पालटून करत गेलं की दोन्हीकडे एकच ठिपका उरतो. नंतर निळा तसाच.

हे सगळं डायोड जेमतेम पेटतील एवढ्याच करंटवर करायचं. नारिंगी गॉगल निळा-हिरवा अडवतो, लाल त्यातून आरपार येतो. 'गॉगल आहे' म्हणून पूर्ण ताकदीवर कुणी जुळवायला बसू नये.

---

तबकडी | बुधवार, सकाळी १०:२०

तयार मॉड्यूलचा माझा आग्रह सोडतो, वेळ असेल तर हे उत्तमच. पण गॅल्व्होबद्दल कुणी बोललं नाही. बारा फूट भिंत, वीस फूट अंतर म्हणजे कोन ३३ अंशांच्या आसपास. २० के हा आकडा साधारण ८ अंशांवरचा असतो. एवढ्या रुंद कोनात त्याच वेगाने हाकलं तर कोपरे गोल होतील आणि गॅल्व्हो तापतील. भिंतीचा मधला सहा फूट भागच वापरा किंवा वेग उतरवा.

२० के म्हणजे सेकंदाला २० हजार बिंदू. पंचवीस वेळा चित्र काढायचं तर एका चित्राला ८०० मिळतात. हरिहरचा कडा आणि पायऱ्या त्यात बसतील, खाली 'गणपती बाप्पा मोरया' लिहायला गेलात तर लुकलुकेल. शिरोरेखा एका दमात निघते, ते सोपं. वेलांट्या आणि मात्रा बिंदू खातात, शिवाय प्रत्येक उडीला झोत बंद करून पुढे जावं लागतं. अक्षरं वेगळ्या चित्रात दाखवा.

---

केतकी_म | बुधवार, सकाळी १०:४१

म्हणजे 'श्री' एवढंच लिहिलं तर निभेल!

---

ओहमकार | बुधवार, सकाळी ११:०५

'श्री' झकास निघेल. फक्त सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा उशीर जुळवा. डायोड लगेच पेटतो, आरसा थोडा मागून पोचतो. तो फरक दिला नाही तर रेघेच्या टोकाला शेपूट राहतं आणि झेंड्याचा भगवा काठीवर सांडतो.

---

गोदाकाठी | बुधवार, रात्री ९:३०

ठरलं. लाल ६३८ चा २००, हिरवा ५२० चा १४०, निळा ८०, तिन्ही अ‍ॅनालॉग. चित्र सहा फुटांत. पट्टी, चावी, लाल बटण आणि गॅल्व्हो थांबल्यावर तोडणारं सर्किट आधी होईल, डायोड त्यानंतर बसतील. हे सोसायटीच्या बैठकीत लिहून दिलंय.

ओहमकार, ड्रायव्हरचा करंट डायोड न जोडता कसा ठरवू?

---

ओहमकार | बुधवार, रात्री ९:५२

डमी लोड, म्हणजे लेझर डायोडच्या जागी खोटा भार, करा. १एन४००७ डायोड एकामागे एक जोडा, लालसाठी तीन, निळ्या-हिरव्यासाठी सहा, आणि त्यांच्या साखळीत एक ओहमचा रेझिस्टर. मल्टिमीटर त्या रेझिस्टरवर लावा. जेवढे मिलिव्होल्ट दिसतील तेवढे मिलिअँप. ड्रायव्हरचा पॉट (करंट कमी-जास्त करायचा स्क्रू) शून्याकडे ठेवून सुरू करा आणि डेटाशीटच्या आकड्याच्या थोडं खाली थांबा. मग पुरवठा बंद करा, ड्रायव्हरच्या कपॅसिटरमधला चार्ज उतरू द्या आणि मनगटाला अर्थचा पट्टा बांधूनच खरा डायोड जोडा. कपॅसिटर भरलेला असताना डायोड टेकवला तर तो त्याच क्षणी जातो.

---

गोदाकाठी | बुधवार, रात्री १०:०१

घरी पाव वॅटचे एक ओहम पडलेत. चालतील?

---

ओहमकार | बुधवार, रात्री १०:०४

५०० मिलिअँपला त्यात बरोबर पाव वॅट जिरतो, म्हणजे तो तापणार आणि आकडा सरकणार. एक वॅटचा लावा.